कळते, पण वळते का? डोनाल्ड डक, आयकर आणि छोट्या बोधपटांचा इतिहास

१/ पैसा आणि माणसाचे मन यांचे नाते मिनिट-दोन मिनिटांत उलगडून सांगणाऱ्या चित्रफिती आज मोबाइलच्या पडद्यावर अखंड वाहत असतात. पगार महिनाअखेरपर्यंत का पुरत नाही, घसरत्या बाजारात माणूस घाबरून समभाग का विकतो, हप्त्याने घेतलेली वस्तू स्वस्त का वाटते, असे त्यांचे विषय. हा प्रकार नवा वाटतो. परंतु त्याचा एक ठळक पूर्वज जानेवारी १९४२ मध्ये अमेरिकेच्या चित्रगृहांत झळकला होता. त्याचा नायक होता एक चिडखोर बदक आणि तो काढवून घेतला होता अमेरिकेच्या वित्त खात्याने. त्या बदकाची आणि त्याच्या करपत्रकाची ही कथा. #थ्रेड #इतिहास

२/ अमेरिकेत संघराज्याचा आयकर १९१३ मध्ये सोळाव्या घटनादुरुस्तीने पक्का झाला. पुढची पाव शतके तो बहुतांशी सधन वर्गाचाच कर राहिला. १९३९ मध्ये प्रत्यक्ष आयकर भरावा लागलेल्यांची संख्या जेमतेम ४० लाख होती. कारखान्यातला कामगार, दुकानातला कारकून, शाळेतली शिक्षिका यांचा त्या कराशी सहसा संबंधच येत नसे. युरोपात युद्ध पेटले, शस्त्रसज्जतेचा खर्च वाढला आणि हे चित्र पालटले. १९३९ मध्ये एकट्या व्यक्तीला १,००० डॉलरपर्यंत आणि विवाहित जोडप्याला २,५०० डॉलरपर्यंत सूट होती. १९४१ च्या कायद्याने ती अनुक्रमे ७५० आणि १,५०० डॉलरवर आली. लाखो कुटुंबे प्रथमच कराच्या जाळ्यात आली.

३/ खरी अडचण कराच्या दरापेक्षा तो भरण्याच्या रीतीत होती. त्या काळी सर्वसाधारण पगारातून आयकर कापला जात नसे. गतवर्षीच्या उत्पन्नाचा हिशोब करदात्याने स्वतः मांडायचा, १५ मार्चपर्यंत विवरणपत्र द्यायचे आणि रक्कम एकदम किंवा चार तिमाही हप्त्यांत भरायची, असा शिरस्ता होता. ज्याच्या हाती दर आठवड्याला मजुरी पडते आणि दर आठवड्याला संपते, त्याने मागच्या वर्षी खर्चून टाकलेल्या पैशावरचा कर कोठून आणायचा? सधन माणसाजवळ हिशेबनीस असे, गाठीला शिल्लक असे. नव्या करदात्याजवळ बहुधा दोन्ही नव्हते.

४/ १९३४ पासून वित्तमंत्री असलेले हेन्री मॉर्गेन्थाऊ यांच्यापुढे हा पेच होता. लोक कर नाकारतील, ही भीती फारशी नव्हती. लोकांना आपण कर देणे लागतो हेच ठाऊक नसेल, अर्ज पाहून ते बावरतील आणि मुदत टळून जाईल, ही भीती मोठी होती. लाखो सामान्य नागरिकांवर खटले भरणे शक्य नव्हते आणि युद्धकाळात ते शोभणारेही नव्हते. जनतेला समजावून, तिच्या संमतीने पैसा उभा करावा, असा मॉर्गेन्थाऊंचा कल होता. १ मे १९४१ पासून सुरू झालेली संरक्षण रोख्यांची विक्रीही त्यांनी ऐच्छिकच ठेवली होती. आता हीच रीत कराला लावायची होती.

५/ इकडे कॅलिफोर्नियात वॉल्ट डिस्नी यांचा स्टुडिओ संकटात होता. १९४० मधील ‘पिनोकिओ’ आणि ‘फँटेशिया’ या खर्चिक चित्रपटांनी तोटा दिला होता. युद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद झाली होती. मे १९४१ मध्ये चित्रकारांचा संप झाला आणि त्याने स्टुडिओतील माणसे दुभंगली. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि लगोलग सैन्याने स्टुडिओच्या आवारात तळ ठोकला. अशा अवस्थेत सरकारी काम ही देशसेवा होती, तशीच कारागिरांच्या हाताला काम देणारी सोयही होती.

६/ डिस्नींना या कामाचा सराव नव्हता असेही नाही. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाचे प्रमुख जॉन ग्रिअरसन यांनी त्यांच्याकडून युद्धबचतपत्रांसाठी चार छोटे चित्रपट करून घेतले होते. ‘द थ्रिफ्टी पिग’ मध्ये तीन डुकरांच्या जुन्या गोष्टीतला लांडगा नाझी वेशात येतो आणि बचतपत्रांच्या विटांनी बांधलेले घर त्याच्या फुंकरीला दाद देत नाही. ‘डोनाल्ड्स डिसिजन’ मध्ये बचतपत्र घ्यावे की चैन करावी, यावर डोनाल्डचे सन्मन आणि दुर्मन भांडतात. कोरड्या आर्थिक आवाहनाला ओळखीच्या पात्राचा चेहरा दिला, की प्रेक्षक कान देतो, हा धडा तेथे मिळाला होता.

७/ डिसेंबर १९४१ मध्ये मॉर्गेन्थाऊंच्या खात्याने डिस्नींना वॉशिंग्टनला बोलावले. डिस्नींच्या चरित्रकारांनी त्यानंतरचा एक प्रसंग नोंदवला आहे. आराखडा दाखवला गेला तेव्हा नायक म्हणून डोनाल्ड डक पाहून अधिकारी खट्टू झाले. त्यांना ‘सामान्य करदाता’ असे एखादे नवे, सभ्य पात्र अपेक्षित होते. त्यावर डिस्नींनी सुनावले, की आपण डोनाल्ड देणे म्हणजे एमजीएमने क्लार्क गेबल देण्यासारखे आहे. या उत्तरात व्यवहार होता, तशी मानसशास्त्राची जाणही होती. आदर्श नागरिकाकडून उपदेश ऐकायला कोणी थांबत नाही. कुरकुरणारा, चिडणारा, पण शेवटी वळणारा बदक मात्र प्रेक्षकाला आपल्यातलाच वाटतो.

८/ ‘द न्यू स्पिरिट’ नावाचा हा सुमारे आठ मिनिटांचा रंगीत चित्रपट. त्याच्या आरंभी रेडिओ डोनाल्डला देशासाठी काही करण्याची इच्छा आहे का, असे विचारतो. डोनाल्ड शौर्याच्या कल्पनेने पेटून उठतो. आपल्याला करायचे आहे ते आयकर भरण्याचे काम, हे कळताच त्याचा उत्साह मावळतो. रेडिओ त्याला समजावतो: या पैशातूनच तोफा, विमाने आणि जहाजे उभी राहणार आहेत. मग डोनाल्ड पुन्हा सज्ज होतो आणि हिशोबाचा पसारा मांडतो. त्यात डोकेदुखीच्या गोळ्यांची बाटलीही असते. रेडिओ सांगतो, की इतके काही लागत नाही. एक सोपा अर्ज, लेखणी, शाई आणि टिपकागद पुरे.

९/ यानंतरचा भाग त्या चित्रपटाचा गाभा आहे. कमी उत्पन्नाच्या करदात्यांसाठी नुकताच निघालेला लघु अर्ज डोनाल्ड प्रेक्षकांसमोर भरतो. व्यवसाय: नट. अवलंबित: तीन पुतणे. उत्पन्नाचा आकडा लिहायचा, तक्त्यात त्यासमोरची कराची रक्कम पाहायची, ती भरायची. संपले. कर का द्यावा याचे व्याख्यान थोडक्यात आटोपून चित्रपटाने कर कसा भरावा हे रांगेने दाखवले. अनोळखी कागदाची भीती घालवायची असेल, तर तो कागद कोणीतरी आपल्यासमोर भरून दाखवावा लागतो, हे या मांडणीमागचे साधे तत्त्व होते.

१०/ अर्ज टपालाने पाठवता आला असता. पण डोनाल्ड धनादेश घेऊन हॉलिवूडपासून वॉशिंग्टनपर्यंत धावत सुटतो. येथे विनोद संपतो आणि चित्रपटाचा सूर बदलतो. कारखान्यांची धुराडी, ओतशाळा, बंदुका, रणगाडे आणि शेवटी शत्रूची बुडणारी जहाजे व कोसळणारी विमाने पडद्यावर येतात. इंग्रजीत ‘टॅक्स’ आणि ‘ॲक्सिस’ हे शब्द यमकात बसतात. कराने शत्रुराष्ट्रांचा पाडाव होईल हा संदेश त्या यमकातून पुनःपुन्हा कानांवर आदळतो. पहिल्या भागाने भीती कमी केली, दुसऱ्याने आवेश वाढवला.

११/ वेळ फार थोडा होता. १५ मार्चच्या आत चित्रपट गावोगाव पोचला नाही, तर त्याचा उपयोग शून्य. चित्रकारांनी सुमारे महिनाभरात तो पुरा केला आणि २३ जानेवारी १९४२ रोजी तो प्रदर्शित झाला. हजाराहून अधिक प्रती निघाल्या आणि चित्रगृहांना त्या विनाशुल्क मिळाल्या. मुदतीच्या ऐन तोंडावर, ज्यांना त्याच आठवड्यांत अर्ज भरायचा होता अशा लोकांपुढे हा चित्रपट लागला. विषय, प्रेक्षक आणि मुहूर्त यांचा असा मेळ बोधपटांच्या इतिहासात क्वचितच आढळतो.

१२/ मात्र कौतुकाआधी वादळ आले. प्रतींसह खर्चाची रक्कम ८० हजार डॉलर होती आणि ती मंजुरीसाठी प्रतिनिधिगृहापुढे आली. युद्ध चालू असताना सरकारने बदकाच्या चित्रपटावर पैसा उधळावा काय, असा सवाल सदस्यांनी केला आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये ती तरतूद फेटाळली. डिस्नींना युद्धावर नफा कमावणारा म्हणून हिणवणारी पत्रे आली. प्रत्यक्षात त्यांचे नुकसानच झाले होते. फुकट मिळालेला डोनाल्ड दाखवता येतो म्हटल्यावर काही चित्रगृहांनी डिस्नींच्या विकतच्या कार्टूनपटांची मागणी रद्द केली. लोकशिक्षणाचे मोल कोणी द्यायचे, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला.

१३/ परिणाम काय झाला? वित्त खात्याच्या अंदाजानुसार तीन कोटींहून अधिक लोकांनी चित्रपट पाहिला. गॅलप संस्थेच्या पाहणीत, चित्रपटामुळे कर भरण्याच्या आपल्या तयारीवर परिणाम झाला, असे ३७ टक्के प्रेक्षकांनी सांगितले. त्या वर्षीच्या ऑस्करसाठी माहितीपटांच्या गटात त्याला नामांकनही मिळाले. पुढे हा ३७ टक्क्यांचा आकडा बोधपटांच्या यशाची सनद म्हणून पुष्कळदा उद्धृत झाला.

१४/ पण आकडा नीट वाचला पाहिजे. लोकांनी ‘तयारी वाढली’ असे सांगितले. त्यांनी वेळेवर आणि पुरा कर भरला का, याचे ते मोजमाप नव्हते. युद्धाच्या सुरुवातीच्या काळात देशप्रेमाविषयी विचारलेल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणे कोणालाही जड जाते. शिवाय पर्ल हार्बरचा संताप, वर्तमानपत्रे, रेडिओ आणि कायद्याचा धाक हे सारे एकाच वेळी काम करीत होते. त्यातून बदकाचा वाटा वेगळा काढणे शक्य नाही. आवडणे, कळणे, ठरवणे आणि करणे या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. आजही चित्रफीत किती जणांनी पाहिली हे मोजणे सोपे असते आणि ती पाहून कोणी काय केले हे मोजणे कठीण.

१५/ वर्षभरातच पेच अधिक बिकट झाला. ऑक्टोबर १९४२ च्या कायद्याने सूट आणखी घटवून एकट्यासाठी ५०० आणि जोडप्यासाठी १,२०० डॉलर केली. त्याखेरीज ६२४ डॉलरवरील उत्पन्नावर ५ टक्के ‘विजयकर’ लागला. अर्ज कसा भरायचा हे १९४२ च्या चित्रपटाने दाखवले होते. आता भरण्यासाठी पैसा हातात शिल्लक कसा राहील, हा प्रश्न होता. युद्धकामामुळे रोजगार वाढला होता, मजुरी चढली होती आणि बाजारात घेण्याजोग्या वस्तू कमी होत्या. लोकांनी पैसा खर्च केला तर महागाई भडकणार होती. त्यामुळे दुसऱ्या चित्रपटाला थेट मनातच शिरावे लागले.

१६/ जानेवारी १९४३ मध्ये आलेल्या ‘द स्पिरिट ऑफ ’४३’ ची सुरुवात पगाराच्या दिवसापासून होते. डोनाल्डच्या मनाचे दोन भाग बदकांच्या रूपाने बाहेर पडतात. एक स्कॉटिश घागरा घातलेला काटकसरी म्हातारा, दुसरा भडक पोशाखातला उधळ्या. म्हातारा कराच्या तारखांची आठवण देतो, तर उधळ्या मद्यगृहाकडे ओढतो. ओढाताणीत उधळ्या मद्यगृहाच्या दारावर आपटतो आणि ती दारे स्वस्तिकाच्या आकाराची दिसतात; त्याचा चेहराही हिटलरसारखा भासू लागतो. डोनाल्ड त्याला ठोसा लगावून कर भरायला जातो. १९४७ मध्ये कार्ल बार्क्स यांनी निर्मिलेल्या स्क्रूज मॅकडक या कंजूष काकाची आठवण या म्हाताऱ्याला पाहून अनेकांना होते.

१७/ त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील ‘रीझन अँड इमोशन’ हा चित्रपट पैशांविषयी नव्हता. पण मनाविषयीचा बोधपट कसा असावा याचा तो नमुना ठरला. माणसाच्या डोक्यात जणू मोटार आहे. चष्मा लावलेला विवेक ती चालवतो आणि रानटी माणसाच्या रूपातील भावना मागच्या आसनावर बसून सुकाणू बळकावू पाहते. अफवा ऐकून घाबरलेला माणूस, भीती, अहंकार आणि द्वेष चेतवणारा हिटलर, अशी उदाहरणे देत चित्रपट सांगतो, की भावना मारायची नाही. पण सुकाणू विवेकाच्या हाती ठेवायचे. पैशाच्या मानसशास्त्रावरील आजच्या कित्येक चित्रफिती हेच दुहेरी मन नव्या चित्रांनी रंगवतात.

१८/ या चित्रपटांत एक अंतर्विरोध होता. भावनेच्या आहारी जाऊ नका, असे एक चित्रपट सांगत होता. आणि दुसरा, आठवड्याभराच्या श्रमानंतर चार पैसे स्वतःवर खर्च करणाऱ्या कामगाराला थेट हिटलरच्या पंगतीला बसवत होता. कराच्या बाजूने पुष्कळ सयुक्तिक कारणे होती. पण अपराधभाव झटपट लागू पडतो आणि कारण समजावून सांगायला वेळ लागतो. थोड्या मिनिटांत समजावणाऱ्या माध्यमाला हा मोह कायमचा जडला आहे. प्रेक्षकाला शहाणे करायचे की नुसते हलवायचे, या निवडीचे उत्तर वेळेच्या टंचाईत बहुधा दुसऱ्या बाजूला झुकते.

१९/ मन वळवण्याच्या या प्रयोगांकडे समाजशास्त्रज्ञांचेही लक्ष होते. २१ सप्टेंबर १९४३ रोजी गायिका केट स्मिथ यांनी सीबीएस रेडिओवर सकाळपासून मध्यरात्रीनंतरपर्यंत पुनःपुन्हा येऊन युद्धरोखे घेण्याचे आवाहन केले. सुमारे ३ कोटी ९० लाख डॉलरच्या रोख्यांची वचने मिळाली. रॉबर्ट मर्टन यांनी श्रोत्यांच्या सविस्तर मुलाखती घेऊन १९४६ मध्ये ‘मास पर्स्युएशन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. श्रोत्यांना भावला तो त्या गायिकेचा सच्चेपणा. ती स्वतः दिवसभर कष्ट घेत आहे, हे त्यांना दिसत होते. मर्टन यांनी त्याच ग्रंथात इशाराही दिला: आपलेपणाचा देखावा करून लोकांना वापरून घेणे समाजातील परस्परविश्वास पोखरते.

२०/ मानसशास्त्रज्ञ डॉर्विन कार्टराइट यांनी रोख्यांच्या मोहिमांवरील सरकारी पाहण्यांचा आढावा १९४९ मध्ये मांडला. त्याचे सार आजही ताजे आहे. मोहीम चालू आहे हे जवळपास सर्वांना ठाऊक होते. रोखे घेणे चांगले, हेही बहुतेकांना मान्य होते. तरी घेणाऱ्यांची संख्या वाढली ती मुख्यतः कोणीतरी समक्ष येऊन ‘घेता का?’ असे विचारले तेव्हा. माहिती डोक्यात शिरणे, ती आपल्या हेतूशी जुळणे आणि कृतीची निश्चित वाट, जागा व वेळ समोर असणे, या तीन पायऱ्या त्यांनी दाखवल्या. मराठीत हे केव्हाच तीन शब्दांत सांगून ठेवले आहे: कळते, वळत नाही.

२१/ न वळण्याचा हा प्रश्न सोडवायला पुढे आला एक मानसशास्त्रज्ञच, पण अगदी वेगळ्या वाटेने. बेअर्ड्सली रमल यांनी १९१७ मध्ये शिकागो विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली होती. पुढे ते न्यूयॉर्कच्या मेसीज या प्रचंड दुकानाचे कोषाध्यक्ष आणि न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे अध्यक्ष झाले. ग्राहकाचे मन त्यांनी गल्ल्यावरून पाहिले होते. त्यांचे म्हणणे असे, की गतवर्षीचा कर यंदा मागणे हेच चुकीचे आहे. पैसा हाती येताक्षणीच त्यातून कर कापून घ्यावा. आणि एकाच वर्षी दोन वर्षांचा बोजा पडू नये म्हणून मागच्या वर्षाचे देणे माफ करावे. हे म्हणजे कराचे घड्याळ एक वर्ष पुढे सरकवणे होते.

२२/ पगारातून कपात वित्त खात्यालाही हवीच होती. वाद होता माफीचा. एका वर्षाचा कर सरसकट सोडला तर सर्वाधिक लाभ धनिकांना होईल, म्हणून रूझवेल्ट आणि मॉर्गेन्थाऊ यांचा तिला विरोध होता. अखेर तडजोड झाली. जून १९४३ च्या कायद्याने दोन वर्षांपैकी कमी असलेल्या कराचा बहुतेकांसाठी ७५ टक्के भाग माफ झाला आणि १ जुलै १९४३ पासून पगारातूनच कर कापला जाऊ लागला. डोनाल्डच्या मनातील म्हातारा आणि उधळ्या यांची लढाई यामुळे बव्हंशी निकालात निघाली. उधळ्याच्या हाती पैसा पडण्याआधीच म्हाताऱ्याने आपला वाटा बाजूला काढला होता.

२३/ १९४५ पर्यंत प्रत्यक्ष कर देणाऱ्यांची संख्या चार कोटींच्या वर गेली. थोड्यांचा कर सर्वांचा झाला आणि युद्ध संपल्यावरही तसाच राहिला. पण या सोयीचीही किंमत होती. त्या काळी वित्त खात्यात काम केलेले तरुण अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन या योजनेच्या आखणीत सहभागी होते. युद्धकाळात ती आवश्यक होती, असे त्यांनी पुढेही मानले. परंतु तिच्यामुळे सरकारचा विस्तार सोपा झाला, याची खंतही त्यांनी व्यक्त केली. जो पैसा हाती आलाच नाही, तो गेल्याचे दुःख कमी होते. आणि दुःख कमी झाले, की तो कोठे जातो हे विचारण्याची सवयही सैल होते.

२४/ भारतात पगारातून करकपात त्याआधीच होती; १९२२ च्या आयकर कायद्याच्या १८ व्या कलमात तशी तरतूद होती. बोधपटही येथे युद्धानेच रुजवले. १९४३ मध्ये ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ स्थापन झाली आणि सरकारी लघुपट दाखवणे चित्रगृहांना बंधनकारक झाले. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजन उभे राहिले आणि अल्पबचत, शेती, आरोग्य यांवरचे छोटे चित्रपट मुख्य चित्रपटाआधी दाखवण्याची प्रथा अनेक दशके चालली. तिच्या कार्टून विभागाला वळण लावण्यासाठी १९५६ मध्ये आलेले क्लेअर वीक्स हे डिस्नींचेच जुने चित्रकार. त्यांचा जन्म भारतातला. १९५७ चा ‘द बनियन डीअर’ हे त्या शिकवणीचे फळ. बर्बँकची कला अशी मुंबईत पोचली.

२५/ समजावणे आणि सोय करणे यांतील हा जुना वाद आता विद्यापीठांत मोजला जातो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, लोकांच्या आर्थिक वर्तनातील फरकापैकी जेमतेम ०.१ टक्का फरक आर्थिक शिक्षणाने स्पष्ट होतो, असे आढळले. शिकवणीचा प्रभाव काळाबरोबर ओसरतो, म्हणून ऐन निर्णयाच्या वेळी माहिती द्यावी, असे त्या संशोधकांचे मत होते. १५ मार्चच्या तोंडावर दाखवलेला डोनाल्ड हे त्याचे जुने उदाहरण म्हणता येईल. २०२२ मध्ये ७६ प्रयोग एकत्र तपासणाऱ्या दुसऱ्या अभ्यासाने शिक्षणाच्या बाजूने अधिक आशादायक निष्कर्ष काढला. म्हणजे समजावणे व्यर्थ नाही. पण एकटे ते पुरत नाही.

२६/ आणखी एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. १९४२ च्या प्रेक्षकाला समोरचा चित्रपट कोणी काढला आणि कशासाठी, हे ठाऊक होते. सरकारला कर हवा होता आणि ते तसे उघड सांगत होते. त्यावरच्या खर्चावर प्रतिनिधिगृहात भांडणही झाले. आजच्या चित्रफितीमागे कोणाचा पैसा आहे, हे पुष्कळदा दिसत नाही; बोध कोठे संपतो आणि विक्री कोठे सुरू होते, याची रेघ पुसट असते. म्हणूनच सेबीने २०२४ मध्ये नोंदणीकृत संस्थांना बिगरनोंदणीकृत सल्लागारांशी संबंध ठेवण्यास मनाई केली; आणि जानेवारी २०२५ मध्ये बजावले, की शिक्षणाच्या नावाखाली समभागांचे ताजे भाव वापरता येणार नाहीत, भाव किमान तीन महिने जुने हवेत.

२७/ एकूण हिशोब असा. छोटा बोधपट भीती घालवू शकतो, अनोळखी कागद ओळखीचा करू शकतो, आणि पुढचे पाऊल लहान, तारखेचे व हाताशी असेल तर ते उचलायला लावू शकतो. महिनोन्‌महिन्यांची शिस्त मात्र त्याच्या आवाक्यातली नाही. ती व्यवस्थेने घडवावी लागते. पण व्यवस्था आपोआप चालू लागली, की ती कोणासाठी चालते हे लोक विसरू लागतात, आणि तेथे समजावणाऱ्याची गरज पुन्हा निर्माण होते. १ जुलै १९४३ नंतर अमेरिकी कामगाराला कर भरण्यासाठी डोनाल्डची गरज उरली नाही. आपल्या पगारातून काय कापले गेले आणि त्याचे पुढे काय झाले, हे सांगणाऱ्याची गरज मात्र उरली. (समाप्त)